कोठ्यातले बूट

आमच्याकडे कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, चप्पल घालून जात नाहीत. लग्न होऊन बपेऱ्याहून इकडे लाखनीजवळ आले, त्याच आठवड्यात मी चप्पल फटफटवत आत शिरले. सासूबाईंनी शेणाचं टोपलं खाली ठेवलं आणि नुसतं माझ्या पायांकडे पाहिलं. त्या पाहण्यानं मी जी चप्पल काढली, ती पुढं पंधरा वर्षं दाराबाहेरच राहिली.

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना दोष. हातातलं काम उरकायच्या आत मन पुढच्या कामावर गेलेलं असतं. आमचा तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग पूर्वी बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, काठाला, घरापासून लांब असायचा. पावसाळ्यात तिथून चारा आणायचा म्हणजे डोक्यावर पोतं आणि पोटरीपर्यंत चिखल. गेल्या वर्षी उन्हाळी धान निघालं, तेव्हा मी नवं तणस सरळ कोठ्याच्या भिंतीला लावून घेतलं. नवरा हसून म्हणाला, "आता बाजेवरूनच गाईले चारा टाकशील तू." मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

रोवणी, म्हणजे पावसाळी धानाची लावणी, संपेपर्यंत उंदरांचं चांगलंच फावलं. तणसात धानाचे चुकार दाणे, बसायला ऊब आणि हाताशी कोंड्याचं उघडं घमेलं. भरदुपारी ते भिंतीवरून आमच्यादेखत जायला लागले. मी पिंजरा काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "गणपती तोंडावर आले, आताच कायले मारतेस?" मीही पिंजरा ठेवून दिला. कोंड्यात लेंड्या दिसायच्या. त्या वरच्यावर वेचून मी खालचा कोंडा गाईपुढं ठेवायची. हे लिहिताना अजून लाज वाटते.

मग काळी गाय गाभडली. सातव्या महिन्यातच वासरू मेलेलं पडलं. सासूबाईंनी सगळं स्वतःच्या हातांनी आवरलं, अर्थात अनवाणी. रोवणीनं त्यांच्या पायांना चिखल्या झालेल्या, बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन सोललेली. "कोणाची तरी नजर लागली," एवढंच म्हणून त्या पदरानं डोळे पुसत बसल्या.

आठ-दहा दिवसांनी त्यांना ताप भरला. "रोवणीचा शीण हाये," म्हणून त्यांनी अंगावर काढला. पोटऱ्यांना हात लावू देईनात. तिसऱ्या दिवशी चहा द्यायला गेले, तर त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. कप तिथंच ठेवून मी नवऱ्याला हाक मारली.

नवऱ्यानं गाडी ठरवली आणि आम्ही भंडाऱ्याला निघालो. हायवेवर ट्रकांच्या मागं अडकलो की मी प्रत्येक ट्रकवाल्याचा उद्धार करत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी सासूबाईंचे डोळे पाहिले, मग पाय पाहिले आणि विचारलं, "घरी गुरं आहेत? उंदीर?"

उंदराच्या मुतातून चाऱ्यात, पाण्यात, चिखलात रोग उतरतो आणि फुटलेल्या कातडीतून माणसाच्या अंगात शिरतो, असं त्यांनी सांगितलं. गुरांनाही होतो, गाय त्यानंच गाभडली असेल. "मूत्रपिंडावर आलंय. लघवी सुटली की आपण जिंकलो," ते म्हणाले. नवरा मान डोलावत होता. मला फक्त भिंतीला लागलेला तो ढीग दिसत होता.

दोन दिवस मी खाटेला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडं पाहत काढले. पाहायचं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचं, परत येऊन पाहायचं. तळाशी गढूळ बोटभर पाणी, ते काही वाढेना. "बाई, बसा न एका जागी," नर्स ओरडली. बसून काय करू? बसलं की वाटायचं, मी सासूबाईंना मारलं. चार पावलं वाचवायला मारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी अर्धी भरलेली दिसली. कोणाच्या लघवीकडं बघून इतकं रडू येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

नवऱ्याला तिथं बसवून मी घरी आले. दिवसभर खपून ढीग बोडीकाठी हलवला. तणसातून उंदरांची लाल पिल्लं निघाली, मोजवेनात. कोंडा झाकणाच्या ड्रममध्ये गेला, पिंजरे लागले, गुरांच्या डॉक्टरांना बोलावून बाकीच्या गाई दाखवल्या. दुसऱ्या दिवशी लाखनीच्या बाजारातून सासूबाईंच्या मापाचे काळे रबरी बूट आणले आणि कोठ्याच्या दाराशी ठेवले.

घरी आल्या त्याच संध्याकाळी त्या भिंत धरत धरत कोठ्याकडं निघाल्या. बूट दिसले, तशा थबकल्या.

"कोठ्यात पायताण? मी मेली तरी नाही घालनार."

माझा ताबा सुटला. "मरतच होत्या न तुम्ही! तो ढीग मी लावला, उंदीर मी पोसले, अन् आता तुम्ही मले हे आयकवता?"

त्या भिंतीला टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "ढीग लावताना मी पाहातच होती. आडवी आली का? मलेबी पावसात जावं लागत नोहोतं, बरंच वाटत होतं."

त्यांनी मला हळदीकुंकू आणायला लावलं. नांगराला, विळ्याला लावतात तसं दोन्ही बुटांना बोट लावलं. "आता हे पायताण नोहे, अवजार हाये," म्हणाल्या आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्यांनी बूट चढवले.

त्या आत गेल्या, काळीच्या पाठीवर हात ठेवला. पडतील या भीतीनं मी त्यांच्या मागोमाग. तेवढ्यात त्या वळल्या आणि त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलं होतं अगदी तसंच. घोट्यापर्यंत शेण, बेचक्यांत माझ्याही चिखल्या.

"तुये बूट कुठी हायेत?"

मी एकच जोडी आणली होती.

"निंघ बाहीर," सासूबाई म्हणाल्या. "बूट नाही, तर कोठ्यात पाय ठेवाचा नाही."