राजम्याचा कौल

तलासच्या खोऱ्यात कुणाची गाय हरवली, कुणाचा कामाला गेलेला नवरा रशियातून फोन करीनासा झाला, की बाया बुरुलकानचं दार ठोठावत. ती एक्केचाळीस राजमे चादरीवर मांडून कौल सांगायची. तोंडानं भारी फटकळ. "नवरा येईल, पण गाय त्याच्या आधी येईल," असं ऐकवून वर चहा पाजायची. राजमे घरच्याच शेतातले. बाजारातला दाणा खोटं बोलतो, असं तिचं ठाम मत.

शेताची माती चिकट. नवरा हयात असताना दोघांनी वरच्या बंद खाणीच्या ढिगाऱ्यातली करडी वाळू गाढवावरून आणून तीत कालवली होती. माती कशी लोण्यासारखी झाली! गावानं तोंडभर कौतुक केलं. पण पुढे राजमा वर्षागणिक पिवळा पडत गेला. दृष्ट लागली म्हणून बुरुलकाननं बांधावर धुरी फिरवली. सून आयझिरेक पोटुशी होती. तिच्या ताटात मात्र रोज घरचाच राजमा.

यंदा सायकाल नावाची शेतीतज्ज्ञ आली. तिनं एक पिवळं रोप अलगद उपटलं.

"आपा, मुळांवरच्या गाठी कुठायत?"

"कसल्या गं गाठी?"

सायकालनं शेजारच्या शेतातलं रोप आणलं. मुळांना बाजरीएवढ्या गाठी लगडलेल्या. एक नखानं फोडली, तर आत गुलाबी.

"यातले जिवाणू हवेतलं खत झाडाला भरवतात. तुमच्या मातीत दिसतेय त्या खाणीच्या वाळूत शिसं आहे, कॅडमियम आहे. त्यात ते जगतच नाहीत. विष दाण्यातही उतरलं असेल, आपा."

बुरुलकान तशीच घरी गेली आणि तिनं सुनेला सगळं सांगितलं.

ऐकून आयझिरेक म्हणाली, "गावाला कौल देता, आज माझ्या बाळाचा बघा ना."

बुरुलकाननं दाणे मुठीत घेतले, पण मूठ उघडेना. जिला लेकीसारखं जपलं, तिला आपल्याच हातानं... बुरुलकानला रडू कोसळलं.

"पोरी, दाणे गोड गोड बोलत राहिले गं. मुळं बोंबलत होती, तिकडे मी ढुंकून पाहिलं नाही."

तिनं दाणे पिशवीत टाकून करकचून गाठ मारली. "उद्या शहरात जाऊ. रक्त तपासू. कौल आता डॉक्टर देईल."

मग रिकामं पातेलं घेऊन ती दुकानात राजमा आणायला गेली. दुकानदारीण हसली, "काय आपा, बाजारातला दाणा खोटं बोलतो ना?"

"बोलू दे," बुरुलकान म्हणाली. "माझ्या नातवंडाला गिळत तर नाही."