पट्टणशेट्टी काकांनी निवडलेला संघ

शनिवारची दुपार आहे. गडहिंग्लजच्या बाजारपेठेतलं हत्तरकी मेडिकल दोन ते चार बंद असतं. रेवती शटर अर्ध्यावर ओढते, पंखा लावते आणि काउंटरमागच्या खुर्चीत पाय वर घेऊन डोळे मिटते. झोप काही येत नाही. कोपऱ्यात फ्रिज घुमतोय, आणि त्या फ्रिजमध्ये फ्लूच्या लसीचे वीस डोस आहेत.

उद्या सकाळी दहा वाजता शेजारच्या दवाखान्यात डॉक्टर नलवडे साठीच्या पुढच्या लोकांना ही लस टोचणार आहेत. रेवतीनंच मागे लागून त्यांना तयार केलंय. दुकानाच्या काचेवर ठळक अक्षरात कागद लावला, त्याला पंधरा दिवस झाले. नावं आली दोन.

ती एवढी मागे का लागली, ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या ऑक्टोबरात गुरुनाथ पट्टणशेट्टी बीपीच्या गोळ्या न्यायला आले होते. शाळेतले जुने पीटीचे सर, आणि चाळीस वर्षं गावातल्या फुटबॉल सामन्यांचे पंच. जाता जाता त्यांनी विचारलं होतं, "ती फ्लूची सुई म्हाताऱ्यांनी घ्यावी म्हणतात. खरं काय गं?" काउंटरवर गर्दी होती. रेवती म्हणाली, "घेतलेली बरी, काका. बघू पुढच्या महिन्यात." तो पुढचा महिना राहूनच गेला. जानेवारीत त्यांचा ताप छातीत उतरला आणि नवव्या दिवशी ते गेले. लस घेतली असती तर ते वाचलेच असते, असं कुणीच सांगू शकत नाही. रेवतीलाही ते कळतं. तरी 'बघू' हा शब्द तेव्हापासून तिच्या मनात अडकून आहे.

पापण्या जड होतात. फ्रिजची घरघर हळूहळू वाढते, पसरते, आणि दूरवर माणसांचा गलका ऐकू यावा तशी होते.

"दुकान उघडं टाकून झोपतीस होय?"

काउंटरपलीकडे पट्टणशेट्टी काका उभे आहेत. काळा शर्ट, काळी हाफ पँट, पोटऱ्यांपर्यंत मोजे. रेवतीला मुळीच भीती वाटत नाही. उलट आत काहीतरी आनंदानं उसळतं.

"शटर अर्धं ओढलंय की, काका."

"अर्ध्यातनं मी आलो ना? चल, ऊठ. उशीर झालाय."

ते आत येतात आणि आपल्याच घरातला असावा तसा फ्रिज उघडतात. आत शाळेचं मैदान आहे. हिरवंगार, थंड, वर मोकळं आभाळ. रेवती पाय आत टाकते तर चपलांखाली गवत लागतं. गोलपोस्टच्या जाळीला गोळ्यांच्या पट्ट्या लटकतायत, वाऱ्यानं चमकतायत. कडेच्या बाकावर काकांच्या हाताखाली खेळलेले जुने खेळाडू ओळीनं बसलेत. कुणाच्या गुडघ्याला पट्टा आहे, कुणाच्या हातात काठी. सगळे बूट घालून तयार, पण कुणीच उठत नाही.

"तुझा कागद वाचला," काका म्हणतात. "अक्षर झकास आहे."

"पण कुणी येईना."

"कसं येतील? 'कुणीतरी बॉल घ्या रे' असं मैदानात ओरडलं, तर कोण घेतो?"

रेवती विचार करते. "कुणीच नाही."

"आणि नाव घेऊन ओरडलं तर?"

तिचे पाय आपोआप बाकाकडे पळायला लागतात. कितीतरी वर्षांत ती अशी पळालेली नाही. पहिल्याच जागेवर रफिक शिकलगार बसलेत, दर महिन्याला दम्याचा पंप न्यायला येणारे.

"रफिकचाचा, उद्या दहाला लस घ्यायला या."

"ती घेतली की तापच येतो म्हणत्यात."

"हात दोन दिवस दुखेल, थोडी कणकण येईल. पण लसीनं फ्लू होत नाही, चाचा. तुम्हाला दमा आहे. फ्लू झाला तर तो छातीत उतरून दवाखान्यात पडायची भीती तुम्हाला जास्त. ती भीती कमी करायलाच ही लस."

रफिकचाचा उठून उभे राहतात आणि मैदानात उतरतात. शेजारी आप्पा नेवडे.

"मी मागल्या साली टोचून घेतलीया, मुंबईला पोराकडं."

"तो विषाणू दर वर्षी रूप बदलतो, आप्पा. मागल्या सालची लस औंदा पुरत नाही."

आप्पाही उठतात. रेवती वळून काकांकडे बघते, आणि इतके महिने अडकलेलं वाक्य एकदम बाहेर पडतं.

"काका, त्या दिवशी मी 'बघू' म्हणाले."

"व्हय. आणि मीही 'बरं' म्हणालो." ते मनगटावरचं घड्याळ बघतात. "त्याचा निकाल लावायला मी आलेलो नाही. खेळ चालू आहे, पोरी. लिहून घे."

आता ते दोघं दुकानातच आहेत, फक्त कपाटांच्या जागी प्रेक्षकांच्या पायऱ्या आहेत. काका भराभर नावं सांगतात, ती लिहिते. एक, दोन, पाच, दहा. कुणाला साखर आहे, कुणाचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, सगळं तिला पाठ आहे. मग काका थांबतात. वरच्या पायरीवर एक बाई पाठमोरी बसली आहे. तिच्याकडे ते बराच वेळ बघतात.

"अकरावं?" रेवती विचारते.

"तुंगा," ते हळूच म्हणतात.

"तुंगा कोण, काका?"

ते शिट्टी ओठांना लावतात आणि जोरात फुंकतात.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजतोय. रेवती दचकून उठते. साडेतीन वाजलेत. उजव्या हातात टोपण काढलेलं पेन आहे, आणि डाव्या तळहातावर, बोटांपासून पार मनगटापर्यंत, निळ्या शाईत अकरा नावं आहेत. अक्षर तिचंच. दहा नावं ओळखीची. शेवटचं तुंगा.

ती तोंडसुद्धा धूत नाही. फोन उचलते आणि अंगठ्याच्या बाजूनं सुरुवात करते. रफिकचाचा लगेच म्हणतात, "येतो की. इतके दिवस विचारलंस कुठं?" आप्पाही येतो म्हणतात. तिसरे कुरकुरतात, मग बायकोलाही आणू का म्हणून विचारतात. चार वाजायच्या आत सात जण होतात. रेवती खुर्चीत बसूच शकत नाही, काउंटरमागे येरझाऱ्या घालत बोलत राहते.

शेवटी ती काकांच्या पत्नीला, इंदुमतीकाकूंना फोन लावते. पट्टणशेट्टी काका गेल्यापासून काकूंनी घराचा उंबरा ओलांडलेला नाही, त्यांच्या गोळ्या रेवतीच घरी पोचवते. काकांच्या ओळखीचं माणूस काकूंना माहीत असेल, एवढंच तिच्या मनात आहे.

"काकू, एक विचारायचं होतं. तुंगा कोण?"

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद होतो.

"माझं माहेरचं नाव," काकू म्हणतात. "लग्नात सासूबाईंनी बदललं. त्यानंतर त्या नावानं फक्त हे हाक मारायचे, आम्ही दोघंच असलो की. तुला कुणी सांगितलं?"

"काकांनी."

कधी, ते काकू विचारत नाहीत. बांगड्यांचा बारीक आवाज येतो, पदरानं डोळे पुसल्यासारखा.

"काय म्हणत होते?"

रेवती तळहाताकडे बघते. घामानं बाकीची नावं पसरायला लागलीत, हे एक तेवढं स्वच्छ आहे.

"उद्या सकाळी तुम्हाला लस टोचायला घेऊन ये म्हणत होते."

"किती वाजता?"

"दहा."

"साडेनऊलाच ये," काकू म्हणतात. "मला चालायला वेळ लागतो."