न सांगता चौकशीला

रविवारी जायचं ठरलं होतं आणि आम्ही बुधवारीच गेलो. कल्पना माझ्या मैत्रिणीची, पण धाडस माझं, हे आधीच सांगून ठेवते, कारण ती आता सगळीकडे उलटं सांगत फिरते.

आम्ही दोघी अंबरनाथला एकाच मजल्यावर राहतो. ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, रिटायर झाली. माझं उल्हासनगर कॅम्प पाचला फॉल-पिकोचं दुकान. तिची एकुलती मुलगी जर्मनीत नर्स आहे. तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं म्हणाली आणि आईला बोलावून घेतलं. आई एकटी जायला तयार होईना, म्हणून मुलीनं मला गळ घातली, "मावशी, तूही चल." मी काय, एका पायावर तयार!

तर रविवारी मुलगी आम्हाला मुलाच्या आईकडे नेणार होती. ट्रेननं तासाभरावर त्यांचं गाव. "खूप सुंदर आहे, लांबून लोक बघायला येतात," असं मुलगी सांगत होती आणि मैत्रीण नुसती मान डोलावत होती. मुलगी ड्यूटीवर गेली तशी ही मला म्हणाली, "रविवारी सगळं घासूनपुसून ठेवतील गं. त्यातून काय डोंबल कळणार? न सांगता जायला पाहिजे."

आता ह्यात वावगं काय? आपल्याकडे मुलगी द्यायची तर कुणीतरी गुपचूप मुलाच्या गावी जाऊन येतंच. वाण्याला विचारतं, शेजाऱ्याला विचारतं. पण तिच्या मनात वेगळंच होतं, आणि ते मला माहीत होतं.

जर्मनीला यायच्या आधी ह्याच मुलीचं लग्न जमत आलं होतं. बदलापूरचा मुलगा, दोघं एकाच हॉस्पिटलात कामाला. त्याच्या घरचे आले, पोहे खाल्ले, गोड गोड बोलले. मग त्यांच्यातलं कुणीतरी आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन खालच्या खाली चौकशी करून गेलं. हे लोक बौद्ध आहेत एवढंच त्यांना कळायचं राहिलं होतं, ते कळलं. संध्याकाळी फोन आला, पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका! त्या घरात कधी कुणाची पत्रिका बनवलीच नाही, तर जुळणार कशी? ते लोक माझ्याच जातीतले निघाले, ह्याचा मला अजून संताप येतो. मुलगी दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन ड्यूटीवर गेली.

"पुन्हा तिच्या वाट्याला ते आलं तर मला सहन व्हायचं नाही," मैत्रीण म्हणाली. "लोक कसे आहेत ते मला आधी बघू दे. जरा जरी तसं वाटलं ना, मी सरळ नाही म्हणणार. रडली तर रडू दे."

मग काय, निघालो. गाडी रिकामी, काचा लख्ख, बाहेर नुसतं हिरवं. मी बघत बसले, मैत्रीण पर्स मांडीवर घट्ट धरून. गाव आलं, आम्ही गाडीच्या दारापुढे उभ्या, आणि दार काही उघडेना. बटण दाबायचं असतं हे आम्हाला कुठे ठाऊक? मागच्या एका बाईनं हात पुढे करून दाबलं म्हणून बरं, नाहीतर पुढच्याच गावात चौकशी करत फिरलो असतो.

गाव मात्र खरंच देखणं. लाकडी पट्ट्यांची वाकडी-तिकडी घरं, खिडकीखिडकीत फुलं, मधून नदी. आणि रस्त्यात माणूस दिसेल तर शपथ! विचारायचं कुणाला? वाणी नव्हता, पण पावाचं दुकान होतं. आत एक जाडजूड बाई. मुलीनं माझ्या फोनमध्ये एक सोय करून दिली होती. आपण हिंदीत बोलायचं, फोन जर्मनमध्ये बोलतो, त्यांचं बोलणं परत हिंदीत सांगतो. मी मुलाचा फोटो दाखवला आणि सुरू केलं. ये लड़का कैसा है? घर के लोग झगड़ालू तो नहीं? पीता है क्या?

"बियर? हाँ, पीता है, सब पीते हैं," फोन म्हणाला. मैत्रिणीचा चेहरा पडला. मग बाईनं विचारलं, "आप पुलिस हैं?"

"पुलिस नहीं," मी म्हटलं, "लड़कीवाले हैं."

बाईनं आम्हाला वरखाली न्याहाळलं. मग तिनं दुकानाचा फोन उचलला. मला वाटलं, झालं, आता खरोखरच पोलीस येणार, आणि मुलीला आम्हाला सोडवायला यावं लागणार. पण आली ती सायकलवरून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई. मुलाची आई, फोटोत पाहिलेली! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. तिनं मात्र मैत्रिणीकडे पाहून मुलीचं नाव घेतलं, हसली आणि आम्हाला घरी घेऊन गेली.

घरात सिंकमध्ये भांडी होती, सोफ्यावर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग. तिनं तो ढीग हातानं सारला आणि आम्हाला बसवलं. ते बघून मला बाई जरा धीर आला. कॉफी दिली, केक दिला. मुलगी लहानपणी काय खायची, थंडी फार वाजते का तिला, असं एकेक विचारत राहिली. मैत्रीण उत्तरं देत होती, पण केकला तिनं हात लावला नाही. खरा प्रश्न कधी येतो ह्याचीच ती वाट बघत होती.

शेवटी तिलाच राहवलं नाही. माझ्या हातातून फोन घेतला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. आम्ही कोण, आमच्याकडे काही लोक आम्हाला काय समजतात, ते पोहे, तो फोन. मी तिचा हात धरायला गेले, तिनं झटकला. "आप को चलता है क्या?" एवढं विचारून तिनं फोन त्या बाईपुढे धरला.

त्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती बोलली, आणि फोन त्याच्या त्या सपाट आवाजात सांगायला लागला. "मुझे मालूम है. आपकी बेटी जिस दिन पहली बार यहाँ आई, उसने खाने से पहले यही सब बताया. बताकर वह कुर्सी से उठ गई और पूछा, अब मैं जाऊँ? मुझे समझ नहीं आया वह क्यों उठी. मैंने कहा, बैठो, सूप ठंडा हो रहा है."

मैत्रीण हुंदका देऊन रडली. मला तरी कुठे आवरत होतं! बाई उठून तिच्याशेजारी येऊन बसली, कपड्यांच्या ढिगावरच.

थोडी सावरली तशी हिनं तिथूनच मुलीला फोन लावला. "तुझ्या सासूच्या घरी बसलेय," म्हणाली. पलीकडून मुलगी किंचाळली ते मलाही ऐकू आलं. "आई! काय झालं? काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही म्हणाल्या. एखादा रविवार बघा आणि लग्न करून टाका," मैत्रीण म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू उभी आहेस का गं? बस. बस आधी."