खिंडीतली फीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा तेवढं एक सोडून बाकीचं बोलते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या विचुंब्यात राहत नाही, म्हणून असेल.

पण आधी पळण्याबद्दल बोलू द्या. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि खरं म्हणजे ते सांगायला मला फार आवडतं.

मला पळायला लावलं माझ्या नणंदेनं. संगीताताई, नवऱ्याची थोरली बहीण, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. चाळिशी ओलांडली तशी मला जिना चढतानाही धाप लागायची. एका सकाळी ताई बूट घालून दारात उभ्या. "चल गो सुजाता. घरात बसून काय लोणचं होणार हाय तुजं?" मी डोंबिवलीची, सपाटीवर वाढलेली. त्या भाताचे भारे डोक्यावर घेऊन बांधावरून चाललेल्या. पहिली दोन वर्षं मी त्यांच्या टाचा बघत पळाले. पुढे काय आहे ते कधी मला दिसलंच नाही, नेहमी ताईंची पाठ.

आणि मग डोंगरातल्या शर्यती सुरू झाल्या. ट्रेल रन म्हणतात त्याला. डांबर नाही, दगड. पूल नाही, ओढा. वाट दाखवायला झाडाच्या फांद्यांना भडक नारिंगी फिती बांधलेल्या असतात, त्या शोधत पळायचं. तुम्ही कधी पळालात असं? चढावर छाती फुटेल असं वाटतं, स्वतःला शिव्या घालाव्याशा वाटतात, आणि माथ्यावर पोचलं की — काय सांगू — कुणीतरी आतून दार उघडल्यासारखं होतं. पन्नाशीला टेकणाऱ्या बायका चिखलात माखून लहान पोरींसारख्या हसतात. मला तर त्याचं वेड लागलं. घरचे म्हणायचे, बाईला डोंगरानं झपाटलंय. झपाटलंच होतं.

त्या वर्षीची शर्यत मालडुंग्याच्या वरच्या डोंगरात होती. पाऊस नुकताच सरलेला, गवत कमरेएवढं, कातळावर सोनकी फुललेली. सुरुवातीपासून माझे पाय त्या दिवशी वेगळेच चालत होते. असा दिवस एखादाच येतो. ओढ्यातून पळाले, बूट भरले, तरी जड वाटेनात. पाणी देणाऱ्या मुलीनं सांगितलं, चाळिशीच्या वरच्या बायकांत दोघी खूप पुढे गेल्यात, तिसऱ्या आत्ताच गेल्या. तिसऱ्या म्हणजे ताई. चौथी मी. आणि बक्षीस पहिल्या तिघींना.

तुम्ही म्हणाल, घरातल्या घरात कसली आलीय चुरस? मीही तसंच म्हणत असे. पण त्या चढावर, ताईंचा लाल टीशर्ट वळणावळणावर जवळ येताना — मला तो नंबर हवा होता. भूक लागते तसा हवा होता.

मी डोंगराच्या धारेवर पोचले तेव्हा खाली खिंड स्पष्ट दिसत होती. ताई तिथं पोचल्या होत्या. थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग डावीकडे उतरणारी रुंद वाट धरली. ती गुरांची वाट होती. मला वरून उजवीकडच्या उतारावर फिती दिसत होत्या, एकामागे एक, लांबपर्यंत. खिंडीतून त्या दिसत नव्हत्या, मधे कारवीचं रान होतं.

डोंगरात एक रीत आहे. कुणी भलत्या वाटेला लागलेलं दिसलं, की हाक मारायची. मग ते माणूस ओळखीचं असो नसो, तुमच्या पुढे असो की मागे. माझा आवाज तर असा, की तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवते. मी श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि — मिटलं.

ताई झाडीत गेल्या. लाल रंग दिसेनासा झाला.

झालं, एवढंच ना, असं तुम्हाला वाटलं असेल. एक हाक मारली नाही, शर्यतीत होतं असं. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. मी त्याच्याभोवती घिरट्या घालतेय, तुमच्या लक्षात आलं असेल.

खिंडीत उतरले, तर तिथली फीत जमिनीवर पडलेली. म्हशींनी फांदी ओढून मोडली होती, फीत शेणाशेजारी, खुरांनी तुडवलेली. म्हणजे ताई चुकल्याच नव्हत्या. तिथं दिसण्यासारखं काही नव्हतंच.

मी फीत उचलली. झटकली. आणि उजवीकडच्या झाडाला, डोळ्यांसमोर येईल अशी, घट्ट बांधली. मागून येणाऱ्यांची सोय म्हणून. स्वतःला तेच सांगितलं, आणि मला चांगलंसुद्धा वाटलं — हाक नाही मारली, पण हे तर केलं ना? मग मी निघाले.

तो उतार मी कसा सांगू तुम्हाला? पाय दगडांना लागतच नव्हते. पुढे कुणाची पाठ नाही, नुसता मोकळा उतार, खाली धरणाचं पाणी चमकतंय आणि वारा कानात. मी मोठ्यानं हसत होते. माझ्या लग्नाच्या दिवशी, मुलगा झाला त्या दिवशीही मी इतकी खूश नव्हते. लाज वाटते सांगायला, पण तसंच आहे. तिसरी आले. स्टेजवर चढले, फोटो काढले.

ताई वेळ संपल्यावर आल्या. गुडघे खरचटलेले, केसात काटे. आल्या त्या आधी माझ्याकडे आल्या, मला मिठी मारली. मग हळूच म्हणाल्या, "मी वाट चुकले गो. परत वर आले तर फीत डोल्यांसमोर फडफडत होती. जाताना मना दिसलीच नाय."

तेव्हा मला कळलं मी काय बांधून आले होते ते.

सासूबाईंचं, म्हणजे ताईंच्या आईचं, सांगायला हवं. शेवटची काही वर्षं त्या वाट विसरायच्या. शेतं गेली, बिल्डिंगी आल्या, देवळातून निघालेल्या सासूबाई भलत्याच गेटपाशी रडत उभ्या असायच्या. त्यांना शोधून आणायचं काम ताईंचंच. स्वतःचंही तसंच होणार, ही धास्ती ताईंनी तेव्हापासून मनात धरली होती, आणि मला ती ठाऊक होती.

ताई डॉक्टरकडे गेल्या. मीच घेऊन गेले पनवेलला. बाकावर बसलो होतो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून विचारलं, "खरं सांग. तू आलीस तवा ती फीत होती ना तिथं?"

किती सोपं होतं. एक वाक्य. आणि मी म्हणाले, "हो ताई, होती."

डॉक्टरांना काही सापडलं नाही. ताईंचा विश्वास बसला नाही, आयलाबी पयलं असंच सांगितलेलं, म्हणाल्या. पळणं सोडलं. स्कूटर झाकून ठेवली. त्यांची मुलगी मोऱ्याला, बंदराच्या गावी, दिली आहे. तिच्याकडे एकट्या जायच्या, ताजे बांगडे घेऊन यायच्या. आता मी किंवा माझा नवरा सोबत असल्याशिवाय जात नाहीत. नातवाचं बारसं झालं त्या दिवशी आम्हाला उशीर झाला, तर ताई नवी साडी नेसून दोन तास पायरीवर बसून राहिल्या.

आता तरी का नाही सांगत? पुष्कळ कारणं देता येतील — घर मोडेल, नवरा काय म्हणेल. ती खोटी आहेत. मी सांगितलं तर ताई उद्या सकाळी बूट घालतील. त्या अजूनही माझ्यापेक्षा चांगल्या पळतात. आणि मला पुढे पळायला आवडतं.

गेल्या हिवाळ्यात शर्यत होती. ताई मला सोडायला आल्या, माझ्या छातीवर नंबराचा कागद त्यांनीच पिना लावून बसवला. गाल थोपटून म्हणाल्या, "फितींकडं बगत पळ हां. माज्यासारखं करू नको."

मी बरं म्हणाले आणि पळाले. त्या दिवशी मी पहिली आले, आणि मला खूप आनंद झाला.