भाऊ आणि शेवटचं पान

भाऊ स्वतःचाच पेपर उलटा वाचायचे. शुक्रवारी सकाळी छापखान्यातून गठ्ठे आले की पहिल्या पानावरच्या स्वतःच्या लेखाकडे ते बघतसुद्धा नसत. सरळ शेवटचं पान काढायचे, आणि तेही खालच्या कोपऱ्यातून वर वाचत यायचे. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात जाहीर नोटिशी असत. चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद नाकाला लावायचा आणि गावांची नावं मोठ्याने म्हणायची. "मौजे पाम. मौजे दांडी." छापायला देताना त्या त्यांनी वाचलेल्याच असत. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "तेव्हा माझ्यापुरतं वाचलं. आता कुणाकडे जायचंय ते बघतोय."

बोईसरला एका गाळ्यात त्यांचं साप्ताहिकाचं ऑफिस होतं. मी पामवरून यायची. झाडलोट, चहा, अंकांच्या घड्या घालणं आणि पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवणं हे माझं काम. शाळा चौथीपर्यंत झालेली. वाचता येत होतं, पण कुणासमोर बोलायचं म्हटलं की घशात काहीतरी अडकायचं. अजूनही अडकतं.

नोटीस म्हणजे काय ते मला भाऊंनीच सांगितलं. कुणाला जमीन विकत घ्यायची असली की त्याचा वकील आधी पेपरात छापतो, की या जमिनीवर कुणाचा हक्क असेल त्याने चौदा दिवसांत लेखी कळवावं, नाहीतर तसा हक्क नाही असं समजण्यात येईल. त्या शेवटच्या दोन शब्दांवर भाऊंचा फार राग. "बघ, गप्प बसणाऱ्याचं काय समजतात ते," म्हणायचे आणि मुद्दाम माझ्याकडे बघायचे.

पेपर त्या नोटिशींच्या पैशांवरच निघत होता. पण वकील आमच्यासारख्या लहान पेपराकडे येत, ते आमचा पेपर कुणी वाचत नाही म्हणूनच. नोटीस छापली तर जाते आणि कळत कुणालाच नाही. हे भाऊंना पक्कं माहीत होतं. म्हणून नोटीस छापायची, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून त्या गावात जायचं, त्या जमिनीत कुणाकुणाची नावं लागतात ते विचारत त्यांच्या घरी जाऊन सांगायचं, हा त्यांचा नेम. समोरचा चहावाला हसायचा. "आ गये नोटीसवाले! आज किसके घर में झगडा लगा के आये?"

"झगडा पहले से था," भाऊ म्हणायचे, "मैंने सिर्फ तारीख बतायी."

शब्दांच्या बाबतीत मात्र ते भारी काटेकोर. एकदा फोनवर एका माणसाने विचारलं, आमच्या गावची नोटीस आली का. मी अंक चाळून म्हटलं, नाही आली. भाऊंनी फोन काढून घेतला आणि त्याला म्हणाले, "आमच्या पेपरात या आठवड्यात दिसली नाही. बाकीच्या पेपरांचं आम्हाला ठाऊक नाही." मग मला म्हणाले, "आपल्या 'नाही'वर लोक निर्धास्त होतात गं. जेवढं बघितलं तेवढंच बोलायचं."

एका पावसाळ्यानंतर भाऊ तापाने आडवे झाले आणि दांडीच्या एका नोटिशीचा तेरावा दिवस उजाडला. जमीन म्हणजे समुद्राजवळचं बोंबील वाळवायचं खळं. सातबाऱ्यावर भावांबरोबर एका बहिणीचंही नाव होतं, आणि नोटिशीत ते नव्हतं. ती बहीण म्हणजे हिराबाय. भाऊंनी मला ऑफिसच्या मागे ते राहत त्या खोलीत बोलावलं आणि अंक हातात दिला. "तू जा."

मी म्हटलं, "मला नाय जमणार."

"उद्या चौदावा दिवस आहे," एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले.

दांडीला रिक्षातून उतरले आणि विचारत विचारत खळ्यावर पोचले. हिराबाय बांबूंवर बोंबील टांगत होती. मला बघून म्हणाली, "काय गो, सुकट पायजे काय?" आणि मी मान डोलावली! तिने सुकट बांधून दिली, मी पैसे दिले आणि परत रिक्षात येऊन बसलेसुद्धा. रिक्षा सुटायच्या आत काय झालं कुणास ठाऊक, मी उतरले आणि परत गेले. काही न बोलता अंक पुढे केला.

"माला वाचता नाय येत. तूच वाच."

मी अडखळत वाचलं. तिच्या हातातला बोंबील तसाच राहिला. "कोनी इकली? आमच्या भावाच्या, दामूच्या पोरानी? अगो, परवा माझ्याकडं जेवून गेला तो! दोनदा कालवण मागून घेतलान!" मग ती खळ्याकडे बघत राहिली. "हितं नाय तर मी मासळी कुठं घालू, डोक्यावर?"

ओल्या हातांनीच ती माझ्याबरोबर बोईसरला आली. तापात थरथरत भाऊंनी हरकतीचा कागद लिहिला, तिने अंगठा उठवला, आणि दुसऱ्या दिवशी तो वकिलाकडे पोचला. व्यवहार थांबला. हिराबायने भाऊंना बोंबलांची जुडी आणून दिली. भाऊ शाकाहारी. पण तिचं मन मोडवेना, म्हणून त्यांनी ती टेबलाच्या खणात ठेवली, आणि महिनाभर आमच्या नोटिशींना बोंबलाचा वास येत होता.

त्या वकिलांना मात्र तो वास सोसला नाही. ते स्वतः आले. "भाऊ, तुम्ही नोटीस छापता की वाटता?"

"लोकांना कळावं म्हणूनच देता ना, साहेब?"

"कायद्यात छापा म्हटलंय. घरोघर जाऊन सांगा असं म्हटलेलं नाही."

त्यांच्या नोटिशी बंद झाल्या. मग दुसऱ्यांच्या. दुकानांच्या जाहिराती तोवर मोबाईलवर गेल्याच होत्या. चार पानांची दोन झाली. आता शेवटचं पान म्हणजे दुसरंच पान. भाऊ ते तसंच खालून वर वाचायचे, पण आता नाव घ्यायला गावच नसायचं. मी घड्या घालत बसायची आणि पेपर बंद करतोय असं ते कुठल्या शुक्रवारी बोलतील याची धास्ती घ्यायची. शेवटी ते बोलले नाहीतच. एका शुक्रवारी गठ्ठे आले नाहीत. भाऊंनी कोऱ्या राहिलेल्या कागदाचं एक रीम माझ्या पिशवीत घातलं. त्यावरच मी हे लिहिते आहे, कुणाला दाखवायला नाही.

भाऊ आता मुलीकडे नाशिकला असतात. डोळे अधू झालेत. शुक्रवारी त्यांचा फोन येतो. बोईसर स्टेशनाबाहेर पेपरांच्या ठेल्यावर उभं राहून मी जेवढे मिळतील तेवढ्या पेपरांतली गावांची नावं वाचून दाखवते. ठेलेवाला कुरकुरतो, म्हणून एक विकत घेते. "पुढे," भाऊ म्हणतात. "पुढे." आणि शेवटी दर वेळी, "हिराबायचं काय?"

कारण दामूचा मुलगा गप्प बसलेला नाही. किनाऱ्याच्या जमिनींना भाव आलाय. नोटीस पुन्हा निघणार हे हिराबायलाही माहीत आहे, फक्त कुठल्या पेपरात ते कुणालाच माहीत नाही. दर बाजाराच्या दिवशी ती टोपलीमागून मला विचारते, "आली काय गो?"

गेल्या बाजारीही विचारलं. मी भाऊंनी शिकवलं तसं म्हटलं, "मला दिसली नाय, बाय."

"म्हंजे नायच आली ना? मंग बरा." तिने खुशीत बोंबील उचलले, कागदात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले.

ती माझ्यावर निर्धास्त झाली होती. मी मान खाली घालून बोंबलांकडे बघत होते, तेव्हा कागद दिसला. बारीक अक्षरं होती, मुंगीएवढी. मौजे, मौजे, मौजे. तो पेपर मी कधीच बघितला नव्हता. ठेल्यावर तो येतही नाही. मी तिथल्या तिथे बोंबील पदरात ओतले आणि कागद सरळ केला. अर्धाच होता. मधोमध फाडलेला.

"बाय, याचा दुसरा तुकडा कुठंय?"

"तो व्हय? आताच सुकट बांधून दिली. ती बघ ना, हिरव्या पातळाची चालली."

हिरवं पातळ गर्दीत पार रिक्षांपर्यंत पोचलं होतं. आणि मग मी भर बाजारात ओरडले, "अहो ताई! थांबा! सुकट नको, कागद द्या मला!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. मागून हिराबाय म्हणाली, "अगो, हिला आवाज हाय तर!"

ती बाई घाबरून थांबली. मी सुकट तिच्या पिशवीत मोकळी केली आणि कागद घेतला. दोन्ही तुकडे रस्त्याकडेला जमिनीवर जोडून ठेवले, उडू नयेत म्हणून चपला काढून त्यावर ठेवल्या, आणि उकिडवी बसून मी खालच्या कोपऱ्यातून वर वाचायला लागले.