गल्लीच्या मनाची रंगीत तालीम

इरा आणि अर्णव, मागच्या महिन्यात मी आमच्या गल्लीतल्या माणसांची मनं त्यांच्याकडून पाठ करून घेतली.

तुमची आतेबहीण मुक्ता सांगलीला मानसशास्त्रात एम. ए. करते. पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे तुमच्या विलासकाकांनी, फोनवर मला बजावलं, "आई, दुसऱ्या वर्षाचं मी अजून ठरवलेलं नाही. हळदीच्या पेढीवर माणूस कमी आहे. हे शिकून ही करणार काय? वेड्यांच्या इस्पितळात नोकरी?"

मागून मुक्ताचा आवाज आला. "बाबा, दवाखान्यात काम असतं, शाळेत समुपदेशक होता येतं, कारखान्यात माणसं निवडायला बोलावतात, खेळाडूंच्या संघालाही लागतात."

"आणि लोक तुला मनातलं सांगतील? सांगलीतला माणूस स्वतःच्या बायकोला काही सांगत नाही."

(त्यांची बायको, म्हणजे माझी मुलगी, "खरं आहे" म्हणालेली मला स्वच्छ ऐकू आली.)

शेवटी तोडगा निघाला. मुक्ताला सुट्टीत मुलाखतींचा सराव करायचाच होता. तो तिनं साताऱ्याला माझ्याकडे करावा, रविवारी विलासरावांनी येऊन बघावं आणि मग काय ते ठरवावं.

मुक्ता शनिवारी आली ती शाईचे डाग पाडलेली कार्डं घेऊन. कार्ड माणसाला दाखवायचं, काय दिसतं ते विचारायचं आणि तो बोलायला लागला की आपण नीट ऐकायचं. "यात बरोबर-चूक काही नसतं हं, आजी," असं सांगून ती मैत्रिणीकडे गेली.

बरोबर-चूक नसतं? मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरं घोटून घेतल्याशिवाय एकही साहेब मी वर्गात येऊ दिला नाही. आता तर जावई तपासायला येणार होते! मी कार्डं टेबलावर ओळीनं मांडली, चष्मा पुसला आणि उत्तरं ठरवली. पहिलं फुलपाखरू, दुसरं कमळ, तिसरं मोराची जोडी. घरंदाज उत्तरं. मग शेजाऱ्यांना चहाला बोलावलं.

समोरचे निवृत्त सुभेदार म्हणाले, "बाई, ऑर्डर समजली. एक फुलपाखरू, दो कमळ, तीन मोर."

बांगड्यांच्या दुकानातल्या शमीमभाभी जरा घुटमळल्या. "बाई, मला दुसऱ्यात चहा सांडल्यासारखा दिसतोय."

"दिसू दे. सांगायचं कमळ. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

"मग कमळच आहे," शमीमभाभी म्हणाल्या. त्यांनाही मुली आहेत.

तिसरे बिरूअण्णा. हे मूळचे आटपाडीकडचे, जन्म मेंढरांमागं गेलेला, आता लेकाकडे आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी कार्ड लांब धरून बराच वेळ पाहिलं. "आवं बाई, मोर लय लांबचा वाटतुया मला."

"अण्णा, मोरच."

"बरं. तुमी शिकल्याली मानसं."

रविवारी विलासराव वेताच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. मी शिरा दिला, तरी घडी सुटली नाही. मुक्तानं सुभेदारांना समोर बसवलं आणि कार्डं हातात घेतली. अजून एकही उलटलं नव्हतं, तोच सुभेदार ताठ बसून म्हणाले, "फुलपाखरू."

"काका, मी अजून दाखवलं नाही."

"दाखव. फुलपाखरूच आहे."

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी शिऱ्याकडे पाहिलं.

त्यात तिनं कार्डं पिसली. ती पिसायची असतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! शमीमभाभींपुढे आधी तिसरं कार्ड आलं. त्यांनी ते आडवं धरलं, उभं धरलं, मला डोळ्यांनी विचारलं आणि दुःखी आवाजात म्हणाल्या, "फुलपाखरू आहे. पण बेटा, तब्येत बरी नाही त्याची."

विलासरावांच्या मिशा हलल्या. मी घाईनं बिरूअण्णांना पुढे केलं. अण्णांनी कार्ड पाहिलं आणि तोंड माझ्याकडे वळवलं.

"बाई, तुमी मोर सांगितला हुता. पर ह्यात मोर न्हाई. हे मेंढरू हाय, आन ते बी लंगडं. खोटं कसं सांगू पोरीला?"

विलासराव उठले. "हे तुमचं मानसशास्त्र? पाठांतर? मुक्ता, बॅग भर. उद्यापासून पेढी."

पोरीचं दुसरं वर्ष मी फुलपाखरात घालवलं होतं. पण मुक्ता जागची हलली नाही. तिनं एक कार्ड वडिलांपुढे धरलं. "बाबा, तुम्हाला कोणी शिकवलेलं नाही. एवढं एक बघा, मग निघू."

"काय बघायचंय? पोतं आहे. हळदीचं."

"कसं आहे?"

"भिजलेलं."

मुक्ता काही बोलली नाही. विलासराव उभेच होते, ते हळूच बसले. "महापुरात गोदामात पाणी शिरलं, तेव्हा अशीच दिसत होती पोती. तुझ्या आजोबांनी रचलेली थप्पी. मी घरी सांगितलं, थोडा माल गेला. थोडा नव्हता. पाणी उतरल्यावर मी तिथं एकटाच बसून होतो."

"मग?" मुक्तानं एवढंच विचारलं.

मग ते बोलतच राहिले. सुभेदार आणि शमीमभाभी चपला हातात घेऊन बाहेर गेले, बिरूअण्णा त्यांच्यामागून. पातेल्यातला शिरा गार झाला. बोलणं संपलं तेव्हा विलासरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "हे कॉलेजात शिकवतात?"

"गप्प बसायला शिकवतात, बाबा. फार अवघड असतं."

"आईंना प्रवेश मिळेल का?" असं म्हणून ते आल्यापासून पहिल्यांदा हसले. जाताना दारातून म्हणाले, "दुसऱ्या वर्षाचं राहू दे बोलणं. फॉर्म भरून टाक."

ते गेल्यावर मुक्तानं तेच कार्ड माझ्यापुढे धरलं. "आता तू, आजी. घाई नाही. काय दिसतं?"

मी कार्ड उजेडाकडे नेलं, उलटं करून मागे काही लिहिलंय का पाहिलं, आणि विचारलं, "गेल्या वर्षीच्या पेपरात काय आलं होतं?"