रेखाचा काजवा

आमच्या लॅबची जुनी मंडळी डोंबिवलीत कुणाच्या घरी जमली, की चहा गार होतो पण किस्से संपत नाहीत. एक थांबला की दुसरा लगेच, "अरे, ते राहिलंच की!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब होती. जीन चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा म्हणजे प्रमोटर. त्याला काजव्याच्या उजेडाचा जीन जोडायचा आणि कॅन्सरच्या पेशीत सोडायचा. प्रमोटर जितका जोरात, तितका उजेड! तोही इतका मंद की मशीननेच मोजायचा. काजव्याचा दिवा माणसाच्या पेशीत पेटतो, या कल्पनेने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

माझे वडील मात्र ठाकुर्लीत सगळ्यांना सांगायचे, "पोरगा काजवे पाळतो. पगार देतात म्हणे!"

*

आमच्यातली रेखा कोपरीची, कोळ्यांची पोर. आई मासळी विकायची. आईच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, म्हणून रेखाने हट्टाने तसल्याच पेशी घेतलेल्या. पण तिचा प्रमोटर काही पेटेना! लॅबचे सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर विषय बदल." घरी आईचा रोज एकच प्रश्न, "पेटला का गो?"

एकदा मशीनवर आकडा सुसाट वर गेला. रेखा नाचायचीच बाकी! सर म्हणाले, "पेशींऐवजी नुसतं पाणी घालून बघ." पाण्याचा आकडाही तेवढाच. ट्यूब खिडकीत उन्हात ठेवलेल्या, त्यामुळे प्लॅस्टिकच उजेड पिऊन बसलेलं.

"अगं, पाण्याला पण कॅन्सर झाला की काय?" सर म्हणाले.

*

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी रेखाचा आकडा पुन्हा वर! मी पेढे आणायला पळालो. येऊन बघतो तर सरांच्या चिमटीत झेंडूची पाकळी. ती मशीनच्या झाकणात अडकलेली आणि फटीतून ट्यूबलाइटचा उजेड आत जात होता.

"हा देवाने दिलेला रिझल्ट आहे, रेखा. छापता येणार नाही."

रेखा आमच्याबरोबर हसली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. पेढे तसेच राहिले.

*

तिने प्रमोटरचा जरा लांब तुकडा घेतला आणि सगळं पहिल्यापासून केलं. दिवाळीच्या तोंडावर आकडा आला. पाणी तपासलं, झाकण तपासलं, परत मोजलं. आकडा तोच! सरांनी आकडा स्वतः वहीत उतरवला. मग म्हणाले, "आईला बोलाव."

आई डोक्याला रुमाल बांधून आली. फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही चौघं उभे राहिलो. सरांनी सगळ्या पेशींचा अर्क एकाच ट्यूबमध्ये ओतलेला. डोळे अंधाराला सरावले, तसं रेखाने त्यात उजेड पेटवणारं औषध सोडलं.

ट्यूबमध्ये फिकट हिरवा उजेड उमटला. साध्या डोळ्यांना दिसणारा! "आई शप्पथ!" माझ्या तोंडून निघालं. सरांनी तर हात जोडलेले.

आईने ट्यूब हातात घेतली. "माज्यातला हाय ह्यो?"

"तुझ्यातला नाय गं. पण त्याच जातीचा."

तिने ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग ट्यूब रेखाच्या हातात परत देत म्हणाली,

"पेटवलंस ना गो बाय? आता इझव."